वॉलेटमध्ये न मागता पडलेली चिल्लर: क्रिप्टो डस्टिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉलेटमध्ये अचानक ०.०००००५४६ बिटकॉइन जमा दिसतोय. मी कोणाकडून मागितला नव्हता. वॉलेट हॅक झालं का?

नाही. वॉलेटचा पत्ता म्हणजे वाड्याच्या दारावरची टपालपेटी. आत काय टाकायचं यासाठी कोणाला तुमची परवानगी लागत नाही, बाहेर काढायला मात्र किल्ली लागते आणि ती तुमच्याचकडे आहे. पैसे आले याचा अर्थ कोणीतरी तुमचा पत्ता पाहिला, एवढाच. ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांच्या जाहीर वहीत, पत्ते सगळ्यांनाच दिसतात, त्यामुळे त्यातही नवल नाही.

व्यवहार नाकारायची, परत पाठवायची सोय बिटकॉइनमध्ये नाही. ‘परत करून टाकू, कटकट नको’ असं मनात येईल, पण नेमकं तेच करायचं नाही. कारण पुढे आहे.

या प्रकाराला डस्टिंग म्हणतात, म्हणजे धूळ टाकणं. धूळ पडल्याने पैसे जात नाहीत. ती पडल्यावर आपण जे करतो त्याने जातात, किंवा पैसे नाही तर गुपित जातं.

५४६ हाच आकडा का? ५०० किंवा १०० का नाही?

एका बिटकॉइनचे १० कोटी सतोशी होतात, म्हणजे ०.०००००५४६ बिटकॉइन हे ५४६ सतोशी. जी रक्कम खर्च करायलाच तिच्या किमतीच्या मानाने फार शुल्क पडेल, असा व्यवहार बिटकॉइनचे नोड (नेटवर्क चालवणारे कॉम्प्युटर) पुढे सरकवत नाहीत. हा नोडच्या सॉफ्टवेअरमधला ठरलेला रिवाज आहे, बिटकॉइनचा मूळ नियम नव्हे. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे १ ने सुरू होणाऱ्या पत्त्याचा हिशोब असा: आउटपुटचे, म्हणजे येणाऱ्या रकमेच्या नोंदीचे, ३४ बाइट आणि पुढे तो खर्च करताना लागणारे १४८ बाइट मिळून १८२. त्याला ३ सतोशी प्रतिबाइट या दराने गुणलं की ५४६ येतात. बीसी१क्यू ने सुरू होणाऱ्या सेगविट पत्त्याला जागा कमी लागते, म्हणून तिथे मर्यादा २९४. टॅपरूट या आणखी नव्या प्रकारच्या पत्त्याला ३३०.

म्हणजे ५४६ ही ‘पोचेल अशी सर्वात स्वस्त चिठ्ठी’ आहे. पाठवणाऱ्याला सगळ्या प्रकारच्या पत्त्यांवर एकच आकडा चालवायचा असला की तो ५४६ धरतो.

रुपयांत किती? बिटकॉइन ८० लाखांचा धरला तर सुमारे ४४ रुपये. एक कटिंग आणि एक वडापाव.

४४ रुपये फुकट वाटून त्याला काय मिळतं?

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा आठवा. तक्रारदाराकडे पावडर लावलेल्या नोटा देतात. नोट टेबलावर पडून राहिली तर काहीच सिद्ध होत नाही. हात लावला आणि ते बोट द्रावणात बुडवलं की गुलाबी रंग येतो. डस्टिंगमध्ये पावडरीचं काम तुमचं वॉलेटच करतं, तेही तुम्हाला न विचारता.

ते कसं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. बिटकॉइन वॉलेटमध्ये बँकेसारखी एकच शिल्लक नसते. आत सुट्या नोटा असतात. ०.००४ ची एक, ०.०३ ची एक, अशा. प्रत्येक नोट कोणत्या ना कोणत्या पत्त्यावर आलेली असते. तुम्ही कोणाला पैसे पाठवता तेव्हा वॉलेट दोनतीन नोटा एकत्र करून रक्कम भरतं आणि उरलेले सुटे नव्या पत्त्यावर तुम्हालाच परत देतं. आता एका व्यवहारात दोन पत्त्यांवरच्या नोटा एकत्र आल्या, तर बघणारा म्हणतो, दोन्ही किल्ल्या एकाच माणसाकडे असणार. हा तर्क नवा नाही. ऑक्टोबर २००८ च्या बिटकॉइनच्या मूळ श्वेतपत्रिकेतच, गोपनीयतेच्या विभागात तो मान्य केलेला आहे.

एक उदाहरण. कोथरूडमधल्या एका फ्रीलान्सरने २०२१ मध्ये ट्विटरवरच्या (आताच्या एक्सवरच्या) आपल्या ओळखीत बिटकॉइनचा पत्ता लिहिला होता. त्याला ‘क’ म्हणू. तो पत्ता कोणाचा हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. पुढे त्याने ‘क’ रिकामा केला. आज त्याची बचत ‘ख’ पत्त्यावर आहे आणि ‘ख’ कोणाचा हे कोणालाच माहीत नाही. कोणीतरी ‘क’ वर ५४६ सतोशी टाकतं. महिन्याभराने हा माणूस ०.०१ बिटकॉइन कुठेतरी पाठवतो आणि वॉलेट ‘ख’ मधली नोट उचलताना ती ५४६ ची चिल्लरही सोबत घेतं. झालं. ‘क’ आणि ‘ख’ एकाच ओळीत छापले गेले. ‘ख’ वर किती होते, सुटे कुठे परत गेले, सगळं नावासकट उघड. आणि ही नोंद कधीच पुसली जात नाही.

पण पत्ता तर रिकामा होता. रिकाम्या पत्त्यावर कशाला टाकतील?

रिकामा आहे म्हणूनच. ज्या पत्त्यावर अजून पैसे आहेत ते तुम्ही कधीतरी हलवणारच आहात, बघणारा नुसता वाट पाहील. रिकाम्या पत्त्याचा धागा मात्र तुटलेला असतो, तिथून पुढे काहीच निघणार नसतं. धूळ टाकून तो धागा पुन्हा जोडता येतो. बऱ्याच लेखांत हा मुद्दा सुटतो आणि मग वाचणाऱ्याला वाटतं की डस्टिंग म्हणजे काहीतरी जादू आहे. ती जादू नाही. पत्ता एकदाच वापरायचा हा नियम मोडला नाही तर डस्टिंगला फारसं काही करता येत नाही.

हे पाठवतं तरी कोण?

ब्लॉकचेनचा माग काढणाऱ्या कंपन्या, संशोधक, मोठी शिल्लक असलेली माणसं शोधून त्यांना गळाला लावू पाहणारे चोर, आणि जाहिरातवाले. आमच्या मते भीती जितकी पसरवली जाते त्या मानाने जाहिरातीचा वाटा बराच मोठा आहे.

गणित करून बघा. एक लाख पत्त्यांवर ५४६ सतोशी टाकायचे तर ०.५४६ बिटकॉइन लागतो. ८० लाखांच्या भावाने जवळजवळ ४४ लाख रुपये, वर नेटवर्कचं शुल्क. एवढा खर्च करून कोणी सरसकट सगळ्यांवर धूळ उधळत नाही. म्हणून बिटकॉइनवरची धूळ एकतर निवडून टाकलेली असते, नाहीतर तिच्यासोबत काही मजकूर चिकटवलेला असतो. २०२५ मध्ये वर्षानुवर्षे न हललेल्या काही जुन्या पत्त्यांवर ‘मालकी सिद्ध करा’ अशा थाटाच्या, कायदेशीर नोटिशीसारख्या मजकुराचे व्यवहार आले होते. त्यांनाही उत्तर द्यायचं नसतं.

लाइटकॉइनवर हाच आकडा फार स्वस्त पडतो. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे मोठ्या प्रमाणावर डस्टिंग झालं, प्रत्येक पत्त्यावर ०.०००००५४६ लाइटकॉइन. लाइटकॉइन ८,००० रुपये धरला तर ही रक्कम चार पैसे होते. ट्रॉन आणि सोलानावर तर याहून स्वस्त.

आता नेमकं काय करू?

त्या नोटेला ‘गोठवा’. रक्कम तिथेच राहते, पण वॉलेट ती उचलत नाही.

स्पॅरो वॉलेटमध्ये डावीकडे ‘यूटीएक्सओज’ (नोटांचं तांत्रिक नाव) हा भाग उघडा. यादीत ५४६ ची ओळ शोधा, उजवं क्लिक करा, ‘फ्रीझ यूटीएक्सओ’ निवडा. लेबलच्या रकान्यात ‘धूळ, हात लावू नये’ आणि तारीख टाका.

इलेक्ट्रममध्ये ‘व्ह्यू’ मेनूतून ‘शो कॉइन्स’ चालू करा. ‘कॉइन्स’ नावाचा टॅब दिसू लागेल. तिथे ओळीवर उजवं क्लिक केलं की गोठवण्याचे दोन पर्याय मिळतात, नुसती नोट किंवा अख्खा पत्ता. त्याच जुन्या पत्त्यावर वारंवार धूळ येत असेल आणि तिथे तुमचं दुसरं काही नसेल, तर पत्ताच गोठवा. पुढच्या वेळी पुन्हा बसायला नको. मोबाइलवर ब्लूवॉलेटमध्येही नोटा निवडायची आणि गोठवायची सोय आहे. ट्रेझर स्वीटमध्ये पैसे पाठवताना ‘कॉइन कंट्रोल’ चालू करून हव्या त्याच नोटांवर टिचकी मारता येते.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. गोठवणं ही ब्लॉकचेनवरची नोंद नाही, ती तुमच्या त्या लॅपटॉपवरच्या वॉलेट फाइलमधली खूण आहे. लॅपटॉप बदलला, १२ किंवा २४ शब्द (वॉलेट परत उभं करायचे गुप्त शब्द) टाकून वॉलेट नव्याने उभं केलं, की खुणा गेल्या, लेबलं गेली आणि धूळ पुन्हा मोकळी. पहिलाच ‘सगळे पाठवा’ व्यवहार केला की सगळं एकत्र. म्हणून स्पॅरोमधून लेबलांची फाइल निर्यात करून ठेवा, आणि नव्या वॉलेटमध्ये पहिला व्यवहार करण्याआधी गोठवायचं काम उरका.

धूळ ‘साफ’ करण्याच्या भानगडीत पडू नका. १० सतोशी प्रतिबाइट शुल्क चालू असताना सेगविट नोट खर्च करायला सुमारे ६८० सतोशी लागतात, जुन्या पत्त्यावरची असेल तर १,४८०. म्हणजे ५४६ ची चिल्लर हलवायला तिच्याहून जास्त हमाली. पडून राहू दे.

माझ्या मोबाइल वॉलेटमध्ये नोटा निवडायची सोयच नाही.

बऱ्याच ‘सगळी नाणी एकाच अॅपमध्ये’ छापाच्या वॉलेटमध्ये नसते. तिथे विशेषतः ‘मॅक्स’ हे बटण दाबू नका, त्यात धूळही जाते. तेच शब्द इलेक्ट्रममध्ये टाकता येतात. वॉलेट उघडताना शब्द भरायच्या पानावर ‘ऑप्शन्स’मध्ये ‘बीआयपी३९’ निवडावं लागतं, नाहीतर पुढे जाता येत नाही. पण शब्द कॉम्प्युटरवर टाइप करणं ही स्वतःच जोखीम आहे. रक्कम मोठी असेल तर हार्डवेअर वॉलेट (किल्ली आत जपणारं छोटं वेगळं उपकरण) घ्या, त्यावर नवे शब्द तयार करा आणि धूळ सोडून बाकीच्या नोटा तिकडे हलवा. इलेक्ट्रम अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा. डिसेंबर २०१८ मध्ये दुष्ट सर्व्हरांनी इलेक्ट्रमच्या आतच ‘अपडेट करा’ असा खोटा संदेश दाखवून अनेकांचे बिटकॉइन पळवले होते.

चुकून धूळ खर्च झाली. आता?

पैसे सुरक्षित आहेत. जे दोनतीन पत्ते एकत्र आले ते आता एकाच माणसाचे म्हणून ओळखले जाणार, हे धरून चाला. त्यातून आलेले सुटे इतर कोणत्याही नोटेसोबत मिसळू नका, नाहीतर गुंता वाढत जाईल. याहून जास्त काही करता येत नाही आणि करावंही लागत नाही.

प्रत्येक छोटी रक्कम धूळच असते का?

नाही. बिटकॉइनवर ऑर्डिनल्स किंवा रून्स (नोटांना चिकटवलेली डिजिटल चित्रं आणि टोकन) विकत घेतले असतील तर ते बहुधा ५४६ किंवा ३३० सतोशींच्या नोटेवरच बसलेले असतात. धूळ समजून ती नोट शुल्कात उडवलीत तर मूळ वस्तूही गेली. आधी एक्सप्लोररवर, म्हणजे ब्लॉकचेनचे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, बघा. कधीकधी तुमच्याच जुन्या व्यवहाराचे सुटे इतके बारीक उरतात. पाठवणारा व्यवहार उघडून त्यातले इनपुट तुमचेच आहेत का, ते तपासा. एकाच व्यवहारात शेकडो अनोळखी पत्त्यांवर सारखीच रक्कम गेली असेल तर शंका नको, ती धूळच.

बँकेत पडताळणीसाठी १ रुपया येतो, तसंच काही असेल का?

नाही. तो पेनी ड्रॉप. खात्यावरचं नाव जुळतं का हे बघायला संस्था तो पाठवते, आणि तुम्ही स्वतः खातं जोडलेलं असतं. स्वतःच्या ताब्यातल्या वॉलेटला पडताळणीसाठी कोणी चिल्लर पाठवत नाही. चिल्लर टाकून ‘वॉलेट व्हेरिफाय करा’ असं कोणी म्हणालं तर समोरचा चोर आहे, एवढं सरळ उत्तर.

इथेरियम, पॉलिगॉन, बीएनबी चेनवर भलतेच टोकन येऊन पडलेत. किंमत तर हजारो डॉलर दाखवतंय.

इथे नोटांचा हिशोब नाही, एका पत्त्याची एकच शिल्लक असते. त्यामुळे बिटकॉइनसारखं ‘मिसळणं’ होत नाही. इथला धोका वेगळा आहे.

असं टोकन कोणीही पाच मिनिटांत बनवतं, त्याला यूएसडीटीसारखं (टेदर कंपनीचं, डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं) नाव देतं किंवा नावातच संकेतस्थळाचा पत्ता लिहितं. तुम्ही ते विकायला जाता. एकतर विकलं जात नाही आणि नुसता गॅस (नेटवर्कचं शुल्क) जळतो, नाहीतर तुम्ही नावातल्या त्या संकेतस्थळावर जाऊन वॉलेट जोडता. तिथे ‘अप्रूव्ह’ विचारलं जातं. ही परवानगी बहुतेक वेळा फुकट आलेल्या टोकनसाठी नसते, तुमच्या खऱ्या यूएसडीटीसाठी असते. एकदा दिली की समोरचा हवा तेव्हा रक्कम काढून नेतो. काही ठिकाणी नुसती सही मागतात, गॅस लागत नाही, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. ‘पर्मिट’ प्रकारची सही गॅसशिवायच असते आणि तीही तितकीच घातक.

टोकन वॉलेटमध्ये लपवा, त्याच्या नावावर टिचकी मारू नका, झालं. चुकून परवानगी दिली असेल तर इथरस्कॅनवर (इथेरियमच्या एक्सप्लोररवर) ‘टोकन अप्रूव्हल्स’ तपासायचं पान आहे. तिथे वॉलेट जोडून ती परवानगी रद्द करा. रद्द करायला थोडा गॅस लागतो. पण शब्द, म्हणजे सीड फ्रेज, कुठे टाकली असेल तर परवानग्या रद्द करून उपयोग नाही. नवं वॉलेट करा आणि उरलंसुरलं तिथे हलवा, तेही लगेच.

मी ज्याला नेहमी पैसे पाठवतो, त्याच्यासारखाच दिसणारा पत्ता इतिहासात आला आहे. हे काय?

या कुळातला मोठ्या रकमा बुडवणारा प्रकार हाच. याला पत्त्याचा विषप्रयोग म्हणा, इंग्रजीतून आलेलं नाव अॅड्रेस पॉइझनिंग. कोणाचं लक्ष बचतीकडे असो वा नसो, यूएसडीटीत पगार किंवा बिलं घेणाऱ्या प्रत्येकाने हा भाग नीट वाचावा.

इथेरियमच्या पत्त्यात झिरो-एक्सनंतर ४० अक्षरं असतात. वॉलेट जागा वाचवायला सुरुवातीची चार आणि शेवटची चार दाखवतं, मध्ये टिंबं. आपणही तेवढंच बघतो. प्रत्येक जागी १६ शक्यता, म्हणजे आठ अक्षरं जुळवायला सरासरी सुमारे ४२९ कोटी प्रयत्न. ऐकायला प्रचंड वाटतं, पण चांगल्या ग्राफिक कार्डाला ते काही मिनिटांचं काम आहे. ट्रॉनवर प्रत्येक जागी ५८ शक्यता असतात. शेवटची चार जुळवायला साधारण १ कोटी १३ लाख प्रयत्न पुरतात, सहा जुळवायला ३,८०० कोटींच्या पुढे. सहा जुळवलेलेही सापडतात.

चोराचा बॉट ब्लॉकचेनवर नजर ठेवून असतो. तुम्ही एखाद्याला पैसे पाठवले की त्या पत्त्याची जुळी प्रतिकृती तयार करून तिथून तुम्हाला किरकोळ रक्कम पाठवतो. आता तुमच्या इतिहासात सर्वात वर ती प्रतिकृती आहे. पुढच्या महिन्यात तुम्ही तिथूनच कॉपी करता. ३ मे २०२४ रोजी एकाने असाच चुकीच्या पत्त्यावर १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (इथेरियमवर फिरणारं बिटकॉइनचं रूप) पाठवला, तेव्हाच्या भावाने ६.८ कोटी डॉलरच्या आसपास. गाजावाजा आणि वाटाघाटीनंतर चोराने बरीचशी रक्कम परत केली. दर वेळी असं नशीब नसतं.

‘आधी थोडे पाठवून बघतो’ ही आपली सावध सवय इथे उलटी अंगलट येते. चाचणीचे १० यूएसडीटी गेले, बरोबर पोचले, बॉट जागा झाला, त्याने जुळा पत्ता पेरला आणि तुम्ही मोठी रक्कम पाठवताना इतिहासातून कॉपी केलं. चाचणी पास आणि पैसे चोराकडे.

उपाय कंटाळवाणे आहेत पण चालतात. इतिहासातून पत्ता कधीच उचलू नका. वॉलेटच्या अॅड्रेस बुकमध्ये एकदाच नीट जतन करा आणि तिथूनच निवडा. जतन करताना मधली सहा अक्षरंही जुळवा, चोर ती सहसा जुळवू शकत नाही. हार्डवेअर वॉलेट असेल तर मोबाइलवर नव्हे, त्याच्या छोट्या पडद्यावर पत्ता वाचा, हळूहळू, डॉक्टरांच्या अक्षरातली चिठ्ठी वाचावी तसा. चाचणी केलीत तर मोठ्या रकमेला तोच जतन केलेला पत्ता वापरा.

माझ्या वॉलेटमधून ० यूएसडीटी बाहेर गेल्याचं दिसतंय. मी तर काहीच पाठवलं नाही!

तुमची किल्ली कोणाकडे नाही. ईआरसी-२० (इथेरियमवरच्या नेहमीच्या पद्धतीच्या) टोकनमधल्या ‘ट्रान्सफरफ्रॉम’ या कामाला परवानगी तपासावी लागते, पण रक्कम शून्य असेल तर शून्य परवानगीही पुरते. म्हणून चोर तुमच्या नावाने शून्याचा व्यवहार करू शकतो. गॅस तो भरतो, नोंद तुमच्या खात्यावर ‘पाठवले’ म्हणून दिसते आणि समोर जुळा पत्ता. २०२२ च्या अखेरीस हा प्रकार बोकाळला, नंतर इथरस्कॅनने शून्याचे व्यवहार मुळातच लपवायला सुरुवात केली. आता त्याच जागी खोट्या यूएसडीटी टोकनचे व्यवहार येतात. त्या खोट्या टोकनचा कोड कोणाच्याही नावाने ‘१,००० पाठवले’ अशी नोंद छापू शकतो. टोकनचा कॉन्ट्रॅक्ट पत्ता (त्याच्या कोडचा पत्ता) बघितला की खोटेपणा लगेच कळतो.

ट्रॉनवर रोज ०.०००००१ ट्रॉन येतोय.

ट्रॉनवर प्रत्येक खात्याला रोज थोडी बँडविड्थ फुकट मिळते, त्यात एकदोन व्यवहार बसतात. हजारो खाती उघडली की धूळ उडवायला जवळजवळ पैसेच लागत नाहीत. बहुतेक वेळा त्यामागे जाहिरात असते, नाहीतर जुळा पत्ता. दुर्लक्ष करा.

त्याच कुळातला एक सापळा मात्र लक्षात ठेवा. कोणीतरी ‘चुकून’ आपले १२ शब्द लिहून टाकतं, वॉलेटमध्ये खरोखर यूएसडीटी दिसतात, फक्त काढायला ट्रॉन नाही. हाव सुटते, आपण गॅससाठी ट्रॉन टाकतो आणि तो नाहीसा होतो. त्या खात्याची मालकीची परवानगी आधीच दुसऱ्या पत्त्याकडे दिलेली असते, शब्द असूनही यूएसडीटी हलत नाहीत.

सोलानावर?

सुटे लॅम्पोर्ट (सोलानाची सर्वात लहान चिल्लर) आणि फुकटचे एनएफटी (चित्रासारखी डिजिटल वस्तू). एनएफटीच्या चित्रावर लिहिलेल्या संकेतस्थळावर जाऊ नका. वॉलेटमध्येच ‘स्पॅम’ म्हणून कळवायची किंवा जाळून टाकायची सोय असते.

एक्स्चेंजच्या खात्यात ‘डस्ट कन्व्हर्ट करा’ असं बटण आहे. तीच धूळ का?

नाव एकच, गोष्ट वेगळी. ट्रेडिंगनंतर उरलेली तुमचीच मोड आहे ती, खुशाल बदलून घ्या. एक्स्चेंजच्या जमा पत्त्यावर कोणी धूळ टाकली तरी तुमची गोपनीयता जात नाही, कारण ते पैसे एक्स्चेंजच्या मोठ्या साठ्यात मिसळतात.

निर्बंध असलेल्या ठिकाणाहून धूळ आली तर?

असं झालेलं आहे. ८ ऑगस्ट २०२२ रोजी अमेरिकेने टॉर्नेडो कॅश या पैशांचा माग पुसणाऱ्या सेवेवर निर्बंध लावले आणि लगेच कोणीतरी खोडसाळपणे नामवंतांच्या जाहीर पत्त्यांवर तिथून ०.१ इथर पाठवायला सुरुवात केली. न मागता आलेल्या अशा धुळीवर कारवाई हा आपला प्राधान्याचा विषय नाही, असं तिथल्या अर्थखात्यानेच पुढच्या महिन्यात स्पष्ट केलं. मार्च २०२५ मध्ये ते निर्बंधही उठले. तुमच्यापुरतं काम एवढंच की व्यवहाराचा हॅश (ओळख क्रमांक) आणि तारीख लिहून ठेवा. एक्स्चेंजने खातं अडवून विचारणा केली तर तो हॅश दाखवता येतो.

प्राप्तिकरात दाखवायची का ही चिल्लर?

व्हर्च्युअल डिजिटल मालमत्ता विकल्यावर होणाऱ्या नफ्यावर २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून ३० टक्के कर आणि वर सेस आहे, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस. फुकट मिळालेल्या मालमत्तेची वर्षभरातली एकूण किंमत ५० हजारांवर गेली तर तीही करपात्र ठरते. ४४ रुपयांच्या धुळीने ती रेषा ओलांडली जाणार नाही. पडून राहिली तर विक्री नाही. पण यादीत तिची वेगळी ओळ ठेवा, म्हणजे मार्च अखेर सीएंनी ‘ही जमा कसली?’ विचारलं की शोधाशोध नको. खऱ्या मिळकतीचं मात्र लपवू नका. इथे गोपनीयता म्हणजे अनोळखी माणसांपासूनची, आयकर खात्यापासूनची नव्हे. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजेस मनी लाँडरिंग कायद्याखाली येतात, तुमचा पॅन आणि तुम्ही कोणत्या पत्त्यावर पैसे काढलेत हे त्यांच्या दप्तरी असतंच.

मग एरवी गोपनीयता कशी राखायची?

दर वेळी नवा पत्ता. बिटकॉइन वॉलेट तो आपोआप देतं, आपणच जुना पाठ झालेला पत्ता पुन्हा देतो. बाणेरच्या क्लायंटला एक, पुणे कँपातल्या दुकानदाराला दुसरा. इथेरियम आणि ट्रॉनवर हे आपोआप होत नाही, म्हणून तिथे किमान दोन खाती वेगळ्या शब्दांची ठेवा, एक येण्याजाण्याचं आणि एक बचतीचं. आणि दोघांमध्ये थेट पैसे फिरवू नका, नाहीतर वेगळेपणा नावापुरता उरतो.

कोरेगाव पार्कच्या कॅफेत भेटीगाठींमध्ये ‘स्कॅन करा ना’ म्हणून मुख्य वॉलेटचा क्यूआर पुढे केला जातो. समोरचा मोबाइल खिशात घालण्याआधीच तुमची पूर्ण शिल्लक आणि चार वर्षांचा इतिहास पाहू शकतो. मंडळाच्या फ्लेक्सवर वर्गणीसाठी पत्ता छापायचा असेल तर तो फक्त त्याच कामाचा असावा आणि त्यातले पैसे वैयक्तिक वॉलेटमध्ये थेट आणू नयेत.

आणखी एक गळती कमी लोकांना माहीत असते. हलकी वॉलेट शिल्लक विचारायला कोणाच्या तरी सर्व्हरला तुमचे सगळे पत्ते एकदम सांगतात. तिथे धुळीची गरजच नाही, सर्व्हर चालवणाऱ्याला सगळं एका ताटात वाढून मिळतं. स्वतःचा नोड जोडणं हा खरा उपाय. तेवढं जमत नसेल तर निदान टॉर चालू ठेवा, आयपी तरी झाकला जातो. आणि एक्सपब, म्हणजे वॉलेटचे सगळे पत्ते बनवणारी सार्वजनिक किल्ली, कोणालाही पाठवू नका. त्याने पैसे काढता येत नाहीत, पण मागचे-पुढचे सगळे पत्ते दिसतात. पोर्टफोलिओ मोजणाऱ्या अॅपमध्ये लोक तो बिनदिक्कत चिकटवतात.

कॉइनजॉइन वापरू का?

कॉइनजॉइन म्हणजे अनेकांच्या नोटा एकाच व्यवहारात मिसळणं. तांत्रिकदृष्ट्या चालतं. पण त्यातून आलेली नाणी एक्स्चेंजवर नेलीत की प्रश्नावली येण्याची किंवा रक्कम अडकण्याची शक्यता असते. साध्या माणसाला नोटा वेगळ्या ठेवण्याने बहुतेक काम होतं.

पैसे गेले. पुण्यात तक्रार कुठे?

आधी १९३० वर फोन, मग सायबरक्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार. पुणे शहर सायबर पोलीस ठाणे शिवाजीनगरला आहे. हिंजवडी, वाकड हा भाग पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाच्या हद्दीत येतो, हे आधीच ध्यानात असलं तर हेलपाटा वाचतो.

सोबत न्यायचं ते असं: व्यवहाराचे हॅश लिहिलेले, नुसते स्क्रीनशॉट नव्हेत. पाठवणारा आणि घेणारा, दोन्ही पत्ते पूर्ण अक्षरांत. जुळ्या पत्त्याचा प्रकार असेल तर खरा पत्ता शेजारी. वेळ भारतीय की युटीसी ते स्पष्ट. एक्स्चेंजवरून नाणी घेतल्याचं विवरण आणि बँकेचा उतारा. रक्कम यूएसडीटीत असेल आणि अजून त्याच पत्त्यावर पडून असेल तर हे तक्रारीत ठळक लिहा. टेदर कंपनी पत्ता गोठवू शकते, पण पोलिसांच्या मागणीवर, आणि पैसे पुढे सरकायच्या आत. वॉलेट अॅप काढून टाकू नका.

तक्रारीबद्दल कुठेही ऑनलाइन लिहिलंत की काही तासांत ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी थोडं शुल्क भरा’ असे निरोप टेलिग्रामवर सुरू होतात. कधीकधी ते त्याच पहिल्या टोळीचे असतात.